आजारी मी नव्हते

माझ्या पगारावर जप्ती आली आहे, हे मला तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातल्या बाबूने सांगितलं, तेही चहा पिता पिता. मी कोंढ्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. सोबतच्या एका नर्सच्या कर्जाला मी जामीन राहिले होते. ते कर्ज तिने फेडलं. पुढे तिने त्याच पतसंस्थेतून दुसरं कर्ज घेतलं, ते बुडवलं, आणि संस्थेने माझा जुनाच जामिनाचा कागद नव्या फायलीला लावून दोघींवर दावा केला. माझं म्हणणं एवढं साधं होतं, पण ते कोर्टासमोर कधी गेलंच नाही. मी हजर नाही, माझा वकील हजर नाही, म्हणून एकतर्फी हुकूम झाला होता. मी रागाने उठून उभी राहिले आणि बाबू म्हणाला, मॅडम, चहा थंडा होऊन राहिला.

वकील म्हणजे माझे मामेसासरे, अड्याळचे. समन्स आलं तेव्हा वकीलपत्रावर माझी सही घेऊन ते म्हणाले होते, तू येऊ नको, मी पाहतो. फी काही घेईनात. मग आमच्याकडे करतात तेच मी केलं. नवा तांदूळ निघाला की घरचा चिन्नोर बांधून त्यांच्याकडे नेऊन दिला. दोन वर्षं, दोनदा. आणि तांदूळ देताना कामाचं विचारायचं नसतं. विचारलं तर दिल्याचा मोबदला मागितल्यासारखं होतं. मामीच्या हातचं जेवायचं, सगळ्यांची खुशाली विचारायची आणि परत यायचं. दाव्याचा मी शब्द काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्या दोन वर्षांत ते एकाही तारखेला उभे राहिले नव्हते.

भंडाऱ्याची एक वकीलबाई हुकूम रद्द करण्याचा अर्ज लिहायला तयार झाली. पण कारण काय द्यायचं यावर आमचं अडलं. ती म्हणाली, आजारी होते म्हणा, तुम्ही तर दवाखान्यातल्याच, सर्टिफिकेट मिळायला कितीसा वेळ. घरीही हाच सूर. मामेसासरे म्हणजे सासूबाईंचे तर सख्खे भाऊ. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आपल्याच माणसाची इज्जत कोर्टात काढशीन काय?"

मला त्या सर्टिफिकेटाची भयंकर चीड आली. तापाने फणफणलेल्या बाया मी रोज पाहते. त्या दोन वर्षांत माझी तब्येत ठणठणीत होती, आजारपणाची एक रजा नव्हती. कामात कसूर करायची दुसऱ्याने आणि अंथरूण धरायचं मी, हा कुठला न्याय? मी वकीलबाईला सांगितलं, माझे वकील एकाही तारखेला गेले नाहीत, असंच लिहा. नाहीतर मी स्वतः लिहिते, अक्षर बरं आहे माझं. तिने लिहिलं.

साक्षीला उभी राहिले तेव्हा संस्थेच्या वकिलाने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. दोन वर्षांत तुम्ही एकदाही चौकशी केली नाही, मग निष्काळजी कोण, असं त्याने विचारलं. मामेसासरे मागच्या बाकावर बसले होते. पण मी बोलले, आणि घरच्या बोलीतच बोलले.

"दोनदा तांदूळ घेऊन गेली होती साहेब. तांदूळ देताना कामाचं विचारत नाहीत आमच्याकडं. ते चुकलं माह्यं, मी नाही म्हणत नाही. पण मी लाजेनं गप्प राह्यली. ते कायनं गप्प राह्यले, ते त्यायलेच विचारा."

न्यायाधीशबाईंनी मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिलं, विचारलं काही नाही. पुढच्या तारखेला हुकूम रद्द झाला. अट अशी, की समोरच्यांचा खर्च मी द्यायचा आणि माझं लेखी म्हणणं, म्हणजे कैफियत, लगेच दाखल करायची. खर्चाचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दावा अजून चालूच आहे, कदाचित मी हरेनही. पण हरले तर माझं ऐकून घेतल्यावर हरेन.

कैफियत द्यायला गेले त्या दिवशी मामेसासऱ्यांनी व्हरांड्यात मला अडवलं. म्हणाले, "माह्यं नाव तू कोर्टाच्या कागदावर आणलं."

"वकीलपत्रावर तुमचं नाव तुम्हीच लिहिलं होतं मामाजी," मी म्हणाले. "मी फक्त ते वाचून दाखवलं."

ते बाजूला झाले आणि मी सही करायला आत गेले.