मुशीला बर्फ उशिरा लागला

आजच्या मुशीची, म्हणजे लहान शार्कची, खरी किंमत सांगतो मंडळी. पेटीभर माल गेला, जुना पुरवठादार गेला आणि शेजारच्या अक्कांच्या बाळंतीण लेकीचं जेवण राहिलं.

इकडे हिंदी मुलखात, गुढियारीच्या बाजारात माझं मासळीचं दुकान आहे. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली. आता लोक म्हणतात, भाऊच्या नाकातून शिळा मासा सुटत नाही. मीही तेच सांगत फिरतो.

दुपारी त्या तेलुगू अक्का आल्या. त्यांच्यात बाळंतिणीला मुशी खाऊ घालतात, दूध येतं म्हणून. मी मुशीची पेटी उघडली अन् त्यांनी पदर नाकाला लावला. "भैया, ये तो पेशाबघर है!"

विशाखापट्टणमला फोन लावला. पुरवठादार शपथा घेऊन राहिला, "बोट पर ही काटके, खून निकालके बर्फ में डाला था."

तेवढ्यात त्याच्या मागून कोणीतरी ओरडलं, "सेठ, कल वाली शार्क धूप में पड़ी है, अब बर्फ डालूँ?"

कान माझे तिखट आहेत.

मुशीच्या मांसात मुळातच युरिया असतो. पकडल्याबरोबर रक्त काढून बर्फात ठेवली नाही, तर त्याचा अमोनिया होतो.

"नींबू मारके बेच दो ना," सेठ म्हणाला.

म्हटलं, "पहले अपनी बहू को खिला!"

पेटी खड्ड्यात पुरली. दुकान बंद पडलं तरी चालेल, त्याचा माल पुन्हा घेणार नाही. तुम्ही घेतला असता का?

आणि नाकाचं म्हणाल, तर सकाळी स्टेशनवर ती पेटी हुंगून मीच उतरवून घेतली होती.