जाहिरातीची फुली

फुकट मिळालेल्या वस्तूसाठी पैसे भरायचे की नाही, यावर मी आणि माझे वडील तीन आठवडे भांडलो. वस्तू म्हणजे मोबाइलवरचा एक गेम. खालून रंगीत फुगे तरंगत येतात, ते बोटानं फोडायचे. गेम फुकट, पण दर दोन डावांनंतर एक जाहिरात. जाहिराती नको असतील तर एकदाच पैसे भरा, की त्या कायमच्या बंद. रक्कम आमच्या वारज्यात दोन माणसांची मिसळ होईल एवढी. मिसळ खाताना मी कधी इतका विचार केला नव्हता.

पण हा खेळ आम्ही हौसेनं खेळत नव्हतो. दिवाळीनंतर बाबांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं वाचलं, चालणं महिनाभरात परत आलं, उजवा हात मात्र मागे राहिला. बोलणं वाचलंय हे कळल्यावर मला रडू आलं होतं. आठवड्याभरात, थोडं कमी वाचलं असतं तरी चाललं असतं, असंही वाटायला लागलं.

बाबा गणिताचे शिक्षक. फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढायचे आणि वर्गाकडे वळून कुणी मोजून बघतंय का याची वाट पाहायचे. आई गेल्यावर शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते. आजारपणात मी त्यांना माझ्याकडे आणलं आणि ऑफिसातून मोठी रजा घेतली. त्या हाताला आता चहाचा कपही पेलत नव्हता.

व्यायामासाठी एक दिवसाआड फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या. मूळच्या यवतमाळकडच्या, पुण्यात येऊन बरीच वर्षं झालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हाताचं जे काही परत यायचं ते बहुतेक या पहिल्या काही महिन्यांत येतं, तेव्हा व्यायाम थांबू द्यायचा नाही. त्यांनी मातीचा गोळा दाबायला दिला, कपड्यांचे चिमटे दिले, ताटलीत मटकी आणि चवळी एकत्र करून निवडायला दिली. बाबांनी ताटली सरकवली. म्हणाले, "मी काय बालवाडीत आहे?"

तेव्हा बाईंनी बाबांच्या फोनवर तो फुग्यांचा गेम टाकला. नियम एकच, डावा हात मांडीखाली दाबून बसायचं आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं फोडायचं. आवाज मात्र बाबांनी लगेच बंद केला. ते संगीत ऐकण्यापेक्षा दुसरा झटका परवडला, म्हणाले. पण गुण दिसताहेत म्हटल्यावर गणिताचे मास्तर अडकले. रोज दुपारी जेवणाच्या टेबलाशी, फोन एका जाड पुस्तकाला टेकवून, फुगे फुटायला लागले.

अडचण जाहिरातीची होती. ती बंद करायची फुली वरच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढी. बाबांचं बोट तिच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडायचं आणि भलतंच काहीतरी उघडायचं. एकदा कर्जाचा अर्ज उघडला. एकदा ते थेट विवाह जुळवणाऱ्यांच्या पानावर पोचले. मी म्हटलं, "बाबा, आधी मला तरी सांगायचंत." ते हसले नाहीत. ज्या माणसानं जन्मभर पोरांच्या वह्यांवर फुल्या मारल्या, त्याला एक फुली सापडत नव्हती, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

मग ते हाक मारायचे, "अगं, आली बघ!" मी असेन तिथून धावायचे. कणकेच्या हातानं, साबणाच्या हातानं, कधी ऑफिसचा फोन कानाला लावून. जाहिरात घालवायची आणि परत जायचं. दुपारभर हेच.

"भरून टाकू या ना पैसे," मी म्हणायचे.

"फुकट म्हणून दिलाय ना त्यांनी? मग पैसे कसले?"

"जाहिरातींचा त्रास होतो म्हणून."

"म्हणजे आधी त्रास द्यायचा आणि मग तो थांबवायचे पैसे घ्यायचे. आमच्या वेळी याला खंडणी म्हणायचे."

ऑफिसातल्या मुलांना मी फोनवर विचारलं. ती सगळी या बाबतीत तज्ज्ञ. एक म्हणाला, "मॅडम, लेव्हल पटकन संपवायला काही विकत असतील तर घेऊ नका, तो ट्रॅप असतो. पण रोज खेळताय आणि अ‍ॅड्सनी डोकं उठतंय, तर वर्थ इट आहे." मला हे पटलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "डोकं तुझं उठतंय. बोट माझं आहे."

रजेचा शेवटचा आठवडा जवळ आला आणि हाका कमी झाल्या. आधी दुपारी दोन-तीन, मग एखादी, मग नाहीच. मी स्वयंपाकघरातून कान देऊन असायचे. बाहेर डोकावलं तर फोन समोर, आणि बाबा खिडकीतून हायवेकडे बघत बसलेले. "खेळलात का?" विचारलं तर "खेळलो" एवढंच. मला खरं वाटेना. वाटलं, कंटाळले, हरले, मला सारखं बोलवायची लाज वाटायला लागली आणि सोडून दिलं. मी ऑफिसला जायला लागल्यावर तर काही विचारायलाच नको. हात असाच राहणार. एक-दोनदा त्या गेमवरचा राग मी पोळ्यांवर काढला.

शेवटी एका सकाळी ते आंघोळीला गेले असताना मी त्यांचा फोन घेतला आणि पैसे भरले. जाहिराती कायमच्या बंद. मला वाटलं, एवढं तरी आपण वेळेवर केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी फोन बाजूला ठेवला. "गेम बिघडलाय."

"काय झालं?"

"जाहिराती येत नाहीत."

"मग बरंच झालं की!" असं म्हणून मी पैसे भरल्याचं सांगून टाकलं. मला वाटलं आता खंडणीवर व्याख्यान होणार. पण पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडे वळले. त्या बघण्यानं मी जास्त घाबरले.

त्याच दिवशी संध्याकाळी बाई आल्या. दर पंधरा दिवसांची तपासणी होती. त्यांनी कागदावर पेन्सिलीनं बारीक ठिपके काढले आणि एकेका ठिपक्यावर बोट टेकवायला सांगितलं. मी दुसरीकडे बघायला लागले. मागच्या वेळी एकही ठिपका लागला नव्हता.

"अरे वा, काकाजी! हे कधीपासून जमून राहिलं तुम्हाला?"

मी वळून बघितलं. बोट थरथरत होतं, वेळ घेत होतं, पण ठिपक्यावरच उतरत होतं. एक, दोन, तीन.

"आठ-दहा दिवस," बाबा म्हणाले. "फुग्यांचं काही खरं नाही. एवढाले मोठे असतात, बोट कुठंही पडलं तरी फुटतात. ती फुली मात्र काही सोडत नाही. आधी तीनदा प्रयत्न करायचो आणि मग हिला हाक मारायचो. मग पाचदा. मग हाक मारायची गरज पडेना." जरा थांबून म्हणाले, "पक्कं जमलं की दाखवणार होतो. हिनं काल फुलीच विकत घेऊन टाकली."

बाई खळखळून हसल्या. "ताई, तुम्ही तर पैसे देऊन काकाजींचा व्यायामच बंद केला ना! एवढा बारीक व्यायाम तर माझ्याजवळही नाही."

मी खुर्चीत बसले आणि हसत हसत रडले. बाबा हरले नव्हते, कंटाळले नव्हते. मी जिला निराशा समजत होते, ती त्यांची दोन डावांमधली विश्रांती होती. कित्येक दिवसांनी छाती मोकळी झाली. आपण इतके साफ चुकलो याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

मग मी पैसे परत मागायचा अर्ज भरला. कारण विचारलं होतं. यादीतलं एकही लागू पडेना, म्हणून 'इतर' निवडून लिहिलं, की जाहिराती परत हव्या आहेत. वाचणाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, पण पैसे परत आले.

रविवारी दुपारी मी उद्याच्या डब्यासाठी कणीक मळत होते, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अगं, आली बघ!" सवयीनं धावले. पडद्यावर कुठल्याशा तेलाची जाहिरात होती. मी हात पुढे केला.

"हात लावू नकोस. नुसती बघ."

डावा हात मांडीखाली होता. उजवं बोट वर गेलं, कोपऱ्याशी थोडं डुगडुगलं, आणि फुलीवर टेकलं. जाहिरात गेली. फुगे परत यायला लागले.

"जा तू उद्या ऑफिसला," बाबा मान वर न करता म्हणाले. "इथलं मी बघतो."