घरची एक बाई

आधी माफी मागतो. लिहायला बसलो हाच आगाऊपणा आहे. माझी शाळा हिंदीत झाली, बालाघाटचं कॉलेजही हिंदीतच चाललंय. मराठी आहे ती घरात बोलतो ती, आणि विहारातल्या कपाटात जी पुस्तकं होती त्यांतली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, म्हणून लिहिलेलं दाखवावं असं घरात कोणी नाही. त्यात विषय बाळंतपणाचा. लग्न न झालेल्या पोरानं यावर बोलावं का? बोलू नये. तरी बोलतो. कारण ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही — आईला नाही, मित्राला नाही. जिला सांगायला हवी होती, तिला तर नाहीच.

माझा आवाज चढलेला वाटेल. चढलेलाच आहे.

आमची आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तेव्हापासून किरनापूरजवळच्या आमच्या गावी, आमच्याच घरी राहते. गावात कोणाला कळा सुरू झाल्या की आत्याला बोलावणं यायचं. आता तुम्ही म्हणाल, दाई असेल. नाही. इथेच सगळा घोळ आहे, म्हणून नीट सांगतो. नाळ कापणं, मूल ओढून काढणं, असलं ती काही करायची नाही. ती बसायची. भिंतीला पाठ लावून बसायची आणि त्या बाईला आपल्या छातीवर रेलायला लावायची. कळ आली की कमरेवर तळहात दाबून धरायची, कानात म्हणायची, "येऊ दे माय, येऊ दे... हे पाह्य, गेली कळ." गाडी आली की तिच्यासोबत गाडीत, दवाखान्यात घेतलं तर दवाखान्यात. घाबरलेल्या सासूला म्हणायची, "तू बाहेर बस वं. तुहा नातू इथूनच येणार आहे, खिडकीतून पळून नाही जात." आणि नंतरही तिचं जाणं सुरूच असायचं. बाळ अंगावर कसं घ्यायचं ते दाखवायची, पाहुण्यांना अंगणातूनच वाटेला लावायची, आई दोन घटका झोपावी म्हणून बाळ बापाच्या हातात द्यायची. "धर, तुह्यच आहे. फुटत नाही."

कशासाठी करायची? मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. मी विचारलं ते भलतंच.

आमच्या आजीच्या काळी नाळ कापायला, वार पुरायला आमच्याच घरच्या बायांना बोलवायचे. बोलावणं कसलं, हुकूम असायचा. काम झालं की त्याच बाईला अंगणाबाहेर बसवायचे आणि भाकर वरून टाकायचे. ते काम आमच्या लोकांनी सोडलं. मान ताठ करून सोडलं, आणि बरोबर केलं. हे मी विहारात लहानपणापासून ऐकलंय. मला त्याचा अभिमान आहे, आजही आहे. पण त्या अभिमानाचं मी काय केलं? कॉलेजच्या पहिल्या वर्षी सुट्टीत घरी आलो आणि तांदूळ निवडत बसलेल्या आत्याला म्हणालो, हे काम आपण सोडलं ना? मग तू काहून जातेस?

ती सुपातून वर न बघता म्हणाली, "माह्या हातात कधी ब्लेड पाह्यलं का तू?"

"नाही."

"मंग? नाळ कापाचं सोडलं. जवळ बसाचं सोडा, असं कोणं सांगतलं?" आणि हसली. "तुह्या वक्ती तुही माय माह्या दंडाले चावली होती. तवा काहून नाही बोलला रे, कॉलेजवाल्या?"

आई चुलीपाशी हसली. मी हसलो नाही. मला वाटलं, या अडाणी आहेत, यांना कळत नाही.

त्याच वर्षी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्यातरी मोठ्या शहरातली बाई, केस कापलेले, बाळंत होणाऱ्या बाईच्या पाठीशी बसून तिची कंबर चोळत होती. खाली लिहिलं होतं की हिला डूला म्हणतात, ही प्रसूतीच्या वेळी आणि नंतरही आईला आधार देते. मी तो व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, आपल्याकडे असं कधी होणार? — हे मी लिहिलं! घरात आत्या होती, आणि मी विचारत होतो की आपल्याकडे कधी होणार!

आता ताईकडे येतो. यायला नको वाटतं, पण येतो.

सुजाताताई माझी मोठी बहीण. नवरा भरवेलीच्या खाणीत कामाला. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. ताई भित्री. साधी सुई टोचायची म्हटलं तरी डोळे मिटून घेते. आठव्या महिन्यापासून तिनं एकच धरलं होतं, "आत्या, तू माहा हात नको सोडजो." आत्या म्हणायची, "हात तं हात, मी पाठबी नाही सोडत. तू फक्त माह्या दंडाले नको चावजो." ताईला त्या हसण्याचाच आधार होता. तिला बाकी काही नको होतं. फक्त आत्या आत असावी.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी बाबा कामावर होते. आईला रक्त पाहून भोवळ येते, म्हणून ती घरीच राहिली. भाऊजींची खाणीतली पाळी संपायची होती. गाडीत ताई, आत्या आणि मी. बालाघाटच्या एका दवाखान्यात गेलो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मी दवाखान्याची तक्रार करायला बसलेलो नाही. तिथले नियम चांगले होते. हो, चांगले होते! ताईला आत नेलं आणि नर्स दारात येऊन म्हणाली, "एक औरत अंदर रह सकती है। घर की होनी चाहिए।"

आत्या पुढे झाली. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याचं गाठोडं, पायावर वाटेची धूळ. नर्सनं तिला खालून वर पाहिलं आणि मला विचारलं, "ये कौन है? दाई है क्या? दाई-वाई को हम अंदर नहीं लेते।"

मला काय म्हणायचं होतं? मेरी बुआ है. संपलं. यापुढे एक शब्द लागत नव्हता.

पण समोर नोंदणीच्या खिडकीत माझ्या वर्गातला एक मुलगा बसला होता. सुट्टीत तिथं काम करायचा. त्याला मी माझ्या घराबद्दल थोडंच सांगितलं होतं, आणि जे सांगितलं ते वाढवून. 'दाई' हा शब्द ऐकून त्यानं मान वर केली. आमच्या भागात या एका शब्दावरून माणसाची जात काढता येते. त्यानं काढली असती का? माहीत नाही. तो चांगला मुलगा आहे. कदाचित त्याच्या मनातही आलं नसतं. पण माझ्या मनात आलं. आणि मी म्हणालो — शुद्ध हिंदीत, कॉलेजात बोलतो तशा — "नहीं, घर की नहीं है। गाँव की है, साथ में आ गई।"

आत्याला हिंदी कळते. आयुष्यभर बाजार केलाय तिनं हिंदीत.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी चूक बोललोय, आता सुधारून घेईन, अशी वाट पाहत असल्यासारखं पाहिलं. मी नजर वळवली. मग तिनं बाटली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं आणि बाहेर गेली. दार लागलं.

आतून ताई "आत्या!" म्हणून ओरडत होती. "आत्या वं!" आणि त्यावर कोणाचा तरी आवाज, "चिल्लाओ मत, अपने घर में हो क्या?" दार अनेकदा उघडलं. नर्स कितीदा माझ्या समोरून गेली. प्रत्येक वेळी मला सांगता आलं असतं. सांगितलं का? वर्गातल्या त्या मुलानं मला पाण्याची बाटली आणून दिली, पाठीवर हात ठेवला, म्हणाला, काळजी करू नको. मी ते पाणी प्यालो! आत माझी बहीण एकटी होती, आणि मी बाहेर बसून पाणी प्यालो, आणि मला आधारही वाटला. याचा मला जेवढा राग येतो तेवढा कशाचाच येत नाही.

मध्ये एकदा बाहेर गेलो. आत्या फाटकाबाहेर सायकलींच्या रांगेपाशी जमिनीवर बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "तिले घोटभर पाणी देल्लं का कोणं?"

मला माहीत नव्हतं.

मुलगा झाला. दोघं सुखरूप. आता तुम्ही म्हणाल, सुखरूप ना, मग झालं. मीही तेच म्हणत होतो. पण खोलीत आणल्यावर ताईनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "आत्या काहून नाही आली रे आत?"

खरं सांगायची ही दुसरी वेळ होती. मी म्हणालो, "तिचीच हिंमत नाही झाली. दवाखाना पाहून घाबरली."

भित्रा मी. आणि घाबरली आत्या! एवढ्या सहज कसं सुचलं मला? सुचलं. लगेच सुचलं.

ताईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. थोड्या वेळानं आत्या आली, तिच्या कपाळावर हात ठेवला. ताईनं तोंड फिरवलं.

घरी सव्वा महिना तसाच गेला. ताईनं आत्याला अंगाला हात लावू दिला नाही. दूध साठून छातीत गाठी झाल्या, ताप चढला, ताई दुपारी-दुपारी उगाच रडायची. आई गांगरलेली. आत्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगायची, "बाई, गरम फडकं ठेव. पोराले त्याच बाजूनं लाव पहिले. अन् तिले झोपू दे थोडं." आतून ताईचा आवाज, "आई, दार लाव." मी हे ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं. आणि परीक्षा आहे म्हणून बालाघाटला निघून गेलो. परीक्षा लांब होती.

माझं ते खोटं ताईनं आईला सांगितलं असेल, आईनं शेजारी. गावात गोष्ट पोचायला काय लागतं? एका सासूनं विहिरीवर सगळ्यांसमोर म्हटलं, "घरच्या पोरीपाशी नाही बसली, ते आपल्यापाशी काय बसते!" त्यानंतर बोलावणं आलं तरी आत्या म्हणायची, "माह्यानं होत नाही आता." लोक म्हणाले, म्हातारी झाली. ती म्हातारी झालेली नव्हती. आजही डोक्यावर लाकडाचा भारा आणते.

तिनं खरं का सांगितलं नाही? मला वाचवायला? मला आधी तसंच वाटायचं, आणि बरं वाटायचं. आता वाटतं, तिनं मला वाचवलं वगैरे नाही. जे मी बोललो ते मीच परत घ्यावं, एवढंच तिचं म्हणणं असेल. ती वाट पाहत होती. मी बोललोच नाही.

उलट काय केलं सांगू? कॉलेजात भाषणस्पर्धा होती, विषय ग्रामीण स्त्रीचा सन्मान. मी भाग घेतला. दवाखान्यात गावच्या बाईकडे खालून वर पाहणाऱ्या नर्सबद्दल बोललो, आवाज कापत बोललो. टाळ्या पडल्या, कप मिळाला. आईनं तो टीव्हीवर ठेवलाय. घरातली धूळ आत्या पुसते. तो कपही तीच पुसते.

या वर्षी ताईला पुन्हा दिवस गेले. या वेळी ती भरवेलीलाच राहणार होती. मी ठरवलं, बाळंतपणाच्या आधी तिला सांगायचं, म्हणजे ती आत्याला सोबत नेईल. एका रविवारी गेलो. ताईनं पोहे केले. भाचा "मामा, मामा" करत पाठीवर चढला. ताईचे पाय सुजले होते, पायरीवर बसताना तिनं कंबर धरली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, माझा निकाल लागलाय. चांगले मार्क आहेत. ती खूश झाली. शेजारणीला हाक मारून सांगितलं, "माहा भाऊ आहे, कॉलेजात शिकते." मी परत आलो. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणालो स्वतःला.

मधल्याच दिवसांत, दुपारी, कॉलेजच्या फाटकावर असताना आईचा फोन आला. "पोरगी झाली रे. दोघीबी बऱ्या आहेत."

मी विचारलं, "आत्या होती?"

आई म्हणाली, "वन्सं गेलती ना. जावयानं गाडी पाठवली तिच्यासाठी. त्याले वाटलं, सुजीचा राग गेला असंन आता." मग म्हणाली, "दारावर नर्सनं सुजीले इचारलं म्हणे, साथ में कौन है?"

"मग?"

"सुजी म्हणे, कोई नहीं."

"तेव्हा आत्या कुठं होती?"

"कुठं म्हणजे? तिच्या पाठीमागंच उभी होती."