टाळ आला का?

तुळशीराम तसा भित्रा माणूस नाही. भर पावसात लोखंडी खांबावर चढून तो भोंगा बांधतो आणि वरून खालच्यांनाच शिव्या घालतो. पण मागच्या हिवाळ्यात तो इतका घाबरला की त्याला पाहून मलाही घाम फुटायचा. मोबाईलमधल्या गाण्यांच्या अ‍ॅपनं त्याला वेड लावलं, असं तेव्हा आम्ही सगळे समजत होतो. अ‍ॅप बिचारं निर्दोष होतं.

मोताळ्याला बाजाराच्या वाटेवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून त्याचं गोदाम. 'तुळशीराम साऊंड सर्व्हिस' ही पाटी त्यानं माझ्या पाटीपेक्षा मोठी लावली, त्यावरून आमचं भांडण झालं. ते मी अजून मिटवलेलं नाही. पण पाटी खोटी नव्हती, एवढं कबूल करतो. कीर्तन असो की लग्न, तालुक्यात लोक तुळशीरामची तारीख आधी धरायचे आणि मग महाराजांची किंवा भटजींची. याचं कारण त्याचे कान. मांडव घालून झाला की तो एकदा शेवटपर्यंत चालत जायचा, बायका बसतात तिथे उभा राहायचा, मान तिरपी करायचा आणि परत येऊन एखादं बटण केसभर फिरवायचा. माझ्यासारख्याला काडीचा फरक कळायचा नाही, पण त्यानंतर मागच्या म्हाताऱ्या 'काय म्हणला वं?' असं एकमेकींना विचारायच्या बंद व्हायच्या.

त्याची एक रीत होती. कुठेही साऊंड लावला की पहिल्यांदा एकच भजन वाजवायचं. त्या भजनाच्या सुरुवातीला नुसता टाळ आहे, मग मृदंग येतो, मग बुवांचा आवाज. तुळशीराम डोळे मिटून ऐकायचा आणि टाळाची किणकिण मांडवाच्या टोकापर्यंत पोचली की मोठ्यानं म्हणायचा, "आला टाळ!" त्याआधी कुणी माईकला हात लावला तर त्याचं काही खरं नसायचं. गावोगावी पोरंसोरंसुद्धा त्याची नक्कल करत ओरडायची, आला टाळ, आला टाळ.

हे भजन वर्षानुवर्षं एका पेनड्राइव्हमध्ये होतं. त्याच्या बायकोनं, जयमालानं, तो शर्टाच्या खिशासकट धुऊन काढला. तुळशीरामनं घर डोक्यावर घेतलं. तेव्हा त्याच्या मुलीनं, पुष्पांजलीनं, मोबाईलवर गाण्यांचं एक अ‍ॅप घेतलं आणि तेच भजन शोधून दिलं. ती कॉलेजात शिकते आणि सुट्टी असली की बापासोबत तारा ओढायला जाते. गोदामात मोठ्या स्पीकरवर भजन लागलं. मृदंग आला, बुवा आले, आणि तुळशीराम डोळे उघडून म्हणाला, "टाळ कुठी गेला?"

पुष्पांजलीला वाटलं, फुकटचं अ‍ॅप आहे म्हणून तसं होत असेल. तिनं त्याला समजावलं. डेटा वाचवायला अ‍ॅप आवाज दाबून पाठवतं, त्यात पहिल्यांदा बारीकसारीक आवाजच कापले जातात. सेटिंगमध्ये जाऊन डेटा वाचवण्याचं बटण बंद करायचं, क्वालिटी सगळ्यात वरची ठेवायची. त्यानं ते केलं. टाळ नाही. मग पैसे भरून घेतलं. मृदंग भरदार झाला, टाळ नाही. दुसरं अ‍ॅप आणलं, तिसरं आणलं. एकात तर आवाज जराही न दाबता जसाच्या तसा येतो म्हणे, तेही घेतलं. ब्लूटूथमध्येही आवाज दाबला जातो असं कळल्यावर त्यानं ब्लूटूथ सोडून तार जोडली. नेटवर भरवसा नको म्हणून वायफायवर भजन आधीच उतरवून घेतलं. मोबाईलनं परस्पर आवाज वरखाली करू नये म्हणून तेही सेटिंग बंद केलं. दुकानात बसून हे सगळं मी ऐकत होतो, त्यामुळे फुकटात शिकलो.

ऐकता ऐकता माझं डोकं उठलं. मी गोदामात गेलो आणि म्हणालो, "येऊन राह्यला ना बे टाळ! पहिल्या दिवसापासून येऊन राह्यला. काऊन त्या पोरीचा जीव खातो?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहतोय असं मला वाटलं. "तुह्ये कान झेरॉक्सवाल्याचे," तो म्हणाला. "तुले काय समजते?"

मी तिथून तडक निघालो. आता आठवलं की कळतं, त्या डोळ्यांत राग नव्हता. माणसाच्या हातून पोहऱ्याचा दोर सुटावा आणि तो खाली विहिरीत बघत राहावा, तसे ते डोळे होते.

मग त्यानं ट्रेबल वाढवायला सुरुवात केली. ट्रेबल म्हणजे बारीक, धारदार आवाजाचं बटण. ते वाढवलं की टाळ, झांज, बांगड्यांचा आवाज वर येतो. टाळ सापडेना म्हणून तुळशीराम ते बटण फिरवत गेला. लोक कुरकुरायला लागले, अलीकडे तुळशीरामचा साऊंड कानाला टोचतो म्हणून. त्याला कुणी तोंडावर बोललं नाही. मी तर बोलतच नव्हतो.

संग्रामपूरला माझे साडू महादेवराव यांच्या मुलीचं लग्न होतं. साऊंड अर्थात तुळशीरामचा. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे अक्षता मुठीत घेऊन उभे. भटजींनी माईक जवळ ओढला आणि स्पीकरमधून अशी शिटी सुटली की माझ्या दातांना कळ लागली. माईकनं स्पीकरचाच आवाज पुन्हा धरला की अशी शिटी सुटते. लोकांनी कानांवर हात घेतले. मुहूर्ताच्या आधीच अक्षता खाली सांडल्या. लहान पोरं किंचाळायला लागली. नवरदेवाचा फेटा हलला. सगळा मांडव वळून एकाच दिशेला बघायला लागला, तुळशीरामच्या टेबलाकडे.

आणि तुळशीराम शांत बसलेला. त्यानं मान वर केली तर समोर चार-पाचशे माणसं कानांवर हात ठेवून, तोंडं वाकडी करून त्याच्याकडे बघत होती. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं टेबलाखाली पाहिलं आणि उडी मारून खुर्चीवर चढला.

"साप!" तो ओरडला. "साप हाय का? कुठी हाय?"

तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी मांडवात साप निघणं काही नवल नाही, म्हणून निम्मे लोक खरंच पळाले. उरलेले हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात पुष्पांजली धावत आली आणि तिनं माईकचा आवाज खाली ओढला. शिटी थांबली. नवरीची आजी रुक्मिणीबाई पुढूनच कडाडल्या, "कानात बोळे घातले का रे तुह्या?"

तुळशीराम हळूहळू खुर्चीवरून उतरला. "काय झालं वं?" त्यानं मुलीला विचारलं.

"शिटी वाजली ना बाबा. केवढ्यानं वाजली!"

"कवा?"

मी तिथून चार हातांवर होतो. तो शब्द मी ऐकला आणि माझं हसू जिथल्या तिथे मेलं. बापाच्या तोंडाकडे बघता बघता पुष्पांजलीचे डोळे भरले. तिच्या डोळ्यांत तुळशीरामला सगळं दिसलं. उरलेलं लग्न त्यानं कसं पार पाडलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडत होतो तर तो दारात उभा. "टाळ आण," म्हणाला. मी भजनी मंडळात टाळ वाजवतो, जोडी दुकानातच असते. मी काढली. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला, दाढीला बसतात तसा ताठ.

"वाजव."

मी वाजवला.

"जोरानं वाजव ना."

मी जोरानं वाजवला. तो टाळाकडे टक लावून बघत होता. मग त्यानं माझं मनगटच धरलं.

"राजाभाऊ, वाजून राह्यला ना तो?"

"हाव."

"मले नुसतं टक टक आयकू येते. दगडावर दगड हाणल्यावानी. त्याची ते किणकिण मागं ऱ्हाते ना, लांब जाते, ते नाई येत." त्याचा श्वास चढला होता. "म्या त्या अ‍ॅपवाल्याईच्या नावानं बोटं मोडत बसलो बे. चोरी तं माह्याच घरात झाली."

ज्याच्याशी जन्मभर भांडायचं ठरवलं, तोच असा समोर थरथरायला लागला तर माणसानं करायचं काय? मी पाणी दिलं. ते त्याच्या हातून शर्टावर सांडलं.

"आज टाळ गेला. उद्या माईकवरचा माणूस गेला तं? जयमाला बोलते ते गेलं तं? मले भेव लागते राजाभाऊ. रातभर घड्याळ कानाले लावून बसलो. कोणाले सांगू नको. बहिऱ्याले कोण साऊंड सांगते?"

मलाही भीती वाटली, उघड सांगतो. ज्या कानांवर अख्खा तालुका विसंबला तेच असे चोरपावलांनी जातात, तर माझ्यातलं काय काय जाऊन बसलं असेल आणि मला पत्ताही नसेल! त्या दिवशी झेरॉक्स काढताना मी प्रत्येक अक्षर निरखून बघत होतो.

पुष्पांजलीनं मात्र धीर सोडला नाही. बापाला हाताला धरून बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं. जन्मभर स्पीकरच्या तोंडाशी बसल्यानं बारीक आवाज ऐकण्याची ताकद गेली आहे, ती परत यायची नाही. आता स्पीकरपासून लांब राहा, उरलं ते टिकेल. कानातलं यंत्र घ्या, बोलणं नीट कळेल. टाळ पहिल्यासारखा मात्र ऐकू येणार नाही.

परत आल्यावर गोदामात त्यानं मुलीला मोबाईल मागितला. सगळी अ‍ॅपं बघितली. मी चहा घेऊन गेलो होतो.

"ज्याच्यात आवाज दाबत नाई, ते महागाचं ठेव," तो म्हणाला. "बाकीचे काढून टाक."

"बाबा, पण आता..." पुष्पांजली अडखळली.

"मले काय, फुकटचंही तेवढंच. तुले आयकू येते ना? मंग तुह्यासाठी घेऊ. टेबलावर आता तू बस."

तेव्हापासून पुष्पांजली टेबलावर बसते. तिचं टेबल स्पीकरच्या मागे, खूप लांब असतं. त्यासाठी तुळशीरामनं नवी लांब तार आणली. पोरीनं जरा खुर्ची पुढे ओढली की तो ओरडत धावतो. लोक हसतात, त्याला पर्वा नाही. साऊंड लागला, भजन सुरू झालं की तो मागे बायकांच्या जागेवर जाऊन उभा राहतो आणि विचारतो, "टाळ आला का?" ती म्हणते, "आला, बाबा."

पण भीती गेली नव्हती, तिनं फक्त जागा बदलली होती. एकदा तो मला म्हणाला, "जयमाला आता सगळ्याले हाव म्हणते. भाजी चांगली झाली, हाव. तब्येत बरी हाय, हाव. मले वाईट वाटू नये म्हणून. पोट्टीबी तसंच म्हणत असली तं? टाळ येऊन नाई राह्यला आन् माह्यासाठी हाव म्हणून राह्यली, तं?"

रोहिणखेडला सप्ताहाचा साऊंड लागला, तेव्हा आमचं मंडळ तिथेच होतं. तार बघण्याच्या निमित्तानं तुळशीराम टेबलाजवळ गेला. पुष्पांजली पाठमोरी माईक बांधत होती. त्यानं ट्रेबलचं बटण पार शून्यावर नेलं आणि मुकाट्यानं मागे जाऊन उभा राहिला. ती दयेपोटी 'आला' म्हणाली, तर या माणसाचा पुढे कशावरच विश्वास उरणार नव्हता.

ती टेबलावर येऊन बसली. भजन सुरू झालं. मला सगळं गोधडीतून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"टाळ आला का?" त्यानं मागून विचारलं.

पुष्पांजलीनं मान तिरपी केली, अगदी बापासारखी. कपाळाला आठी पडली. मी हातातले टाळ घट्ट धरून उभा.

"नाई आला, बाबा," ती ओरडली. "बिलकुल नाई आला. तुम्ही कशाले हात लावला का?"

तुळशीराम मटकन सतरंजीवर बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. मागच्या बायकांना वाटलं, भोवळ आली. कुणी पदरानं वारा घालायला लागलं.

पुष्पांजलीनं बटण शोधून काढलं, पहिल्या जागेपर्यंत वर नेलं, अजून केसभर नेलं. "आता आला," ती म्हणाली.

तुळशीराम उठला. डोळे मिटले. त्याला टाळाची किणकिण ऐकू येत नव्हती, हे त्या मांडवात फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं. शेवटच्या टोकापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला, "आला टाळ!"