मामीचं पत्र्याचं कपाट

आमचे मामा पत्र्याच्या टाक्या करतात आणि जेवताना रहस्यकथा वाचतात. टाक्यांबद्दल कोणाची तक्रार नाही.

मामीच्या छातीत पेसमेकर बसवला आणि नेमकी त्याच आठवड्यात मामांच्या हाती एक कादंबरी लागली. तिच्यात खलनायक आकाशात बॉम्ब फोडतो, विजेची अदृश्य लाट येते आणि गाड्या, घड्याळं, पेसमेकर, सगळं एका दमात बंद पडतं. मामा जेवण अर्धवट टाकून उठले. लाट अडवणारं आणि मामीला आत बसता येईल असं पत्र्याचं कपाट करायचं त्यांच्या डोक्यानं घेतलं.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून मामीने मला बोलावून घेतलं. मी समजावलं की अशी लाट खोटी नाही. खूप उंचावर अणुबॉम्ब फुटला तर त्याचे किरण हवेतले इलेक्ट्रॉन उडवतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना वळवतं आणि त्यातून ती उठते. पण तिला मुख्यतः लांबलचक तारा पकडतात. पेसमेकरची तार जेमतेम हातभर, शिवाय त्याला मुळातच धातूचं कवच असतं. सगळंच बंद पाडायची घाई लेखकांना असते.

"कवच आहे ना? मग वरून आणखी एक असलं तर बिघडलं कुठं?" मामा म्हणाले. मी हात टेकले.

कपाट झालं. मामांनी टाकीसारखं त्यात पाणी भरून पाहिलं. थेंबही गळला नाही.

"जिथून पाणी जात नाही, तिथून लाट काय जाणार?"

मी माझा फोन आत ठेवला, दार लावलं आणि त्यांच्या फोनवरून त्यावर फोन केला. आत तो खणखणीत वाजला. दाराच्या कडेला त्यांनी रबर लावलं होतं. ते पाणी अडवतं, पण लाट अडवायला धातूला धातू टेकावा लागतो. मला हसू आवरेना. मग मामा दाराची कड पुन्हा पुन्हा चाचपताना दिसले आणि माझीच मला लाज वाटली. मामी जाईल या धास्तीने हा माणूस खरोखर हवालदिल झाला होता.

तांब्याची जाळी मीच आणून दिली. रबराच्या जागी ती बसवल्यावर फोन गप्प झाला. ही काही पक्की परीक्षा नव्हे, पण मामांना तेवढी पुरली. मामी स्टूल घेऊन आत बसली.

"आणि लाट आली की तुम्ही कुठं असणार?" तिने विचारलं.

"मी बाहेर. तिने माणसाला काही होत नाही, यंत्रांना होतं. हिला विचार."

"म्हणजे मी इथे एकटी? मग भांडू कोणाशी?"

 मामांनी खिशातून मोजायची टेप काढली.

"माझं माप झालंय," मामी आतूनच म्हणाली. "आता स्वतःचं घ्या."