कोंडूच्या कार्डातले धडे

संजीवनी बारावी शिकलेली. सिद्धगडाच्या पायथ्याशी एका वाडीवरच्या शाळेत ती शिकवते. डिग्र्या घेतलेल्या भल्याभल्यांना जमलं नाही ते तिनं एका जुन्या मोबाइलवर केलं. उगाच कौतुक करायची मला सवय नाही; डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो.

पुस्तकातली मराठी वाडीच्या पोरांना परकी. म्हणून तिनं मोठ्या पोरांना धडा वाचायला लावला, मग तोच घरच्या बोलीत सांगायला लावला, आणि सगळं रेकॉर्ड केलं. लहानगी ओळीवर बोट ठेवून ऐकायची. जना दोन वर्षं वर्गात मुकी बसलेली. एकदा संजीवनीनं तिच्याकडून बोलीत एक ओळ म्हणवून घेतली आणि रेकॉर्ड केली. मोबाइलमध्ये स्वतःचा आवाज ऐकून ती खुदकन हसली, आणि महिन्याभरात वाचायला लागली.

पण दिवाळी झाली की वाडी वीटभट्टीवर जाते आणि पोरं अक्षरं विसरून परततात. दर वर्षी. या वेळी संजीवनीनं सगळे धडे मेमरी कार्डावर घेतले. मोबाइल भरला होता, म्हणून तिथून काढूनच टाकले. कार्ड जनाच्या बापाला, कोंडूला दिलं; त्याच्याकडे कार्डावर वाजणारा स्पीकर होता.

"दादा, रोज सांजचं लावा. जनाचं वाचन जाऊ देऊ नका."

"लावतो ना बाई. माझी पोरगी बोलते त्याच्यात!"

संक्रांतीनंतर संजीवनी आणि मी आटगावकडच्या त्या भट्टीवर गेलो. लांबूनच हळदीची गाणी दणदणत होती. कोंडू खुशीत.

"बघा बाई, कार्ड कामाला आलं! बाजारात गाणी भरून घेतली. पाचशे!"

"आणि धडे?"

"असतील ना खाली. दुकानवाला बोलला, जागा करतो."

संजीवनीनं कार्ड आपल्या मोबाइलमध्ये घालून यादी शेवटपर्यंत पाहिली. गाण्यांशिवाय काही नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "कोंड्या, अक्कल विकलीस का रे?"

"त्यांना नका बोलू," संजीवनी म्हणाली. "कार्ड म्हंजे गाणी भरायची, एवढंच ठाऊक त्यांना. मीच सांगितलं नाय."

जना कच्च्या विटा उतरवून आली. संजीवनीनं पुस्तक उघडलं. जनानं ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, ते लावा ना. मंग येतं मला."

"ते पुसलं गो. तू वाच, परत भरू."

दोन शब्द आले. तिसऱ्यावर बोट थांबलं. पोरगी आमच्याकडे बघेना.

"ए पोरी, विटा कोन उचलंल? तुझा मास्तर?" मुकादम ओरडला.

एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी मी फक्त पुस्तक मिटलं. जना विटा उचलायला गेली.