थेंब जिथे थांबला

आज अनिलच्या प्रयोगशाळेत गेले होते. तो, माझा नवरा, जाऊन दोन महिने झाले. त्याचं सामान आणायचं होतं.

नेहाने, त्याच्या विद्यार्थिनीने, त्याने तयार केलेली शेवटची काच दाखवली. पाणी चिकटू नये म्हणून अशा काचेवर लेप असतो आणि वीज दिली की थेंब सरकतो. नेहाने काचेवर एक थेंब सोडला आणि बटण दाबलं. थेंब निघाला आणि मध्येच अडकला.

"सर के अंगूठे की छाप है, मैम. आखिर में ग्लव्स नहीं पहन पाते थे. और हमें एक निशान पर कितना डाँटते थे!" ती हसता हसता रडली. "धोकर फिर से कोट कर दूँ?"

मी नको म्हटलं. काच घरी आणली.

दिल्लीची धूळ रोज बसते. ठसा न पुसता धूळ कशी पुसायची, तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?